खालून जाणारी विमानं

आमच्याकडे विमानं खालून जातात.
वेल्सबाहेरच्या पाहुण्याला सांगितलं तर पटत नाही.
क्रेग-वेनच्या खांद्यावर उभं राहायचं,
काठी रोवून, टोपी धरून.
दरीतून आधी ती येतात, मग त्यांचा आवाज.
करडी पाठ दाखवत, एका अंगावर कललेली,
ओढ्यातल्या ट्राउटसारखी.
काचेखाली दोन शिरस्त्राणं :
पुढं शिकणारा, मागं शिकवणारा.
कधी एखादा हातमोजा हलतो,
मीही काठी उचलतो.
तेवढीच ओळख.

मेंढ्या मान वर करत नाहीत.
त्यांच्या आयांनीही केली नव्हती.
पोटातल्या कोकरालासुद्धा ठाऊक असतं
हा गडगडाट पावसाचा नव्हे.

मार्चमधल्या त्या मंगळवारी
मेंढ्यांनी मान वर केली.
सगळ्यांनी, एकदम.
मी आधी त्या माना पाहिल्या, विमान नंतर.
आवाज मधेच तुटला होता,
लोकर कातरताना वीज जावी तसा.
मग ते पालथं झालं
आणि त्याचं पोट दिसलं.
एकसष्ट वर्षांत मी विमानाचं पोट
पहिल्यांदा पाहत होतो,
फिकट, जवळजवळ पांढरं.
पलीकडच्या उतारावर आग नंतर दिसली.
आधी माती उडाली,
दलदलीची, काळी, ओली,
आणि बराच वेळ खाली पडत राहिली.

शिकवणारा सापडला ओढ्याकाठी,
दगडी बांधाला टेकलेला,
एक पाय नको तिकडे वळलेला.
नेल त्याच्यावर भुंकली नाही,
लांब बसून राहिली.
त्यानं पाणी मागितलं नाही.
"छत्र्या किती दिसल्या?"
मी म्हणालो, एक.
"नीट आठवा."
मी आठवल्यासारखं केलं.
ती एक त्याच्या मागेच होती,
काटेरी झुडपात दोऱ्या अडकलेली,
वाऱ्यानं अजून फुगत होती.

मग माणसं आली.
फिती बांधून त्यांनी डोंगराचे चौकोन पाडले,
आणि गुडघ्यांवर बसून पाच आठवडे वेचत राहिली.
ऐन मेंढ्या विण्याचे दिवस.
माझ्याच कुरणात जायला मला पास लागायचा.
भरपाईचा अर्ज आला :
मृत जनावरे, संख्या, वय.
मी दोन लिहिलं.
मेन्ना म्हणाली, एक गाभण होती, तीन लिही.
पेन हातात धरून बसलो.
दोनच ठेवलं.
त्या दिवसांत मोजायला लागलो
की आकडा कुठल्या कुठे जायचा.

वर्तमानपत्रात नाव आलं. कॅलम आर्कराइट, वय चोवीस.
फोटोत पुढचा एक दात जरा वाकडा.
हात हलवणारा हाच का, ते कळेना.
हातमोज्यावरून काय ओळखणार.

ऑक्टोबरात त्याची आई आली,
लिंकनशायरहून, एकटी, शहरी बुटांत.
मला वाटलं, जळका उतार दाखवा म्हणेल.
तिथं आता गवत धरलंय,
आजूबाजूच्यापेक्षा हिरवं. ते कसं सांगायचं
याची मी रात्रभर तयारी केली होती.
ती म्हणाली, "तुम्ही उभे असता ती जागा दाखवा."

चढताना दोनदा बसली.
माझी काठी घेतली नाही.
पावणेअकराला एक आलं,
आमच्या पायांखालून.
पाठ, काच, दोन शिरस्त्राणं,
आणि मग छातीत बसणारा तो आवाज.

"असा वरून," ती म्हणाली,
"पाळण्यात होता तेव्हा पाहायचे."

मी काही बोललो नाही.
विमान वळणापलीकडे गेल्यावर
बऱ्याच वेळानं तिनं हात थोडा वर केला,
आणि त्याच हातानं केस सारखे केले.
मग विचारलं, मेंढ्यांच्या पाठीवर
हा निळा ठिपका कशाचा?
म्हटलं, खूण. आमच्या म्हणून.
"पावसानं जात नाही?"
पावसानं नाही जात.
कातरताना जातो, लोकरीबरोबर.
मग पुन्हा लावतो.